छापखाना आपला, भाषा आपली, विद्या आपली



राज्य कुणाचं, हा प्रश्न सभेत रोज विचारला जातो. आज दुसरा प्रश्न विचारू या. विद्या कुणाची? देशाच्या इतिहासाचे कागद कुणाच्या कपाटात आहेत, शास्त्राची पुस्तके कुणाच्या भाषेत आहेत, आणि त्या कपाटाची किल्ली कुणाच्या कमरेला आहे?

कुणी म्हणेल, आम्हाला काय करायचंय त्याच्याशी? पगार वाढवा, बोनस द्या, कायम करा, एवढं पुरे. बाबांनो, पगार तर पाहिजेच. पण ज्याच्या हातात विद्या नाही त्याला पगाराचा हिशोबही दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागतो, हे तुम्हीआम्ही दर महिन्याला भोगतो. म्हणून आज एका परक्या मुलुखाची हकिकत सांगतो. तिकडच्या लोकांनी आपल्या देशाचा इतिहास आणि आपल्या भाषेतलं शास्त्र दीडशे वर्षं कसं जपलं, किती वेळा त्यांच्या दाराला टाळं लागलं आणि किती वेळा त्यांनी दुसरं दार उघडलं, ते नीट ऐका.

हा मुलुख म्हणजे युक्रेन. युरोपच्या पूर्वेला, काळ्या जमिनीचा, गव्हाचा देश. 2022 सालापासून रशियाने तिथे मोठी लढाई लादली, म्हणून त्याचं नाव आता आपल्या चाळीतसुद्धा माहीत आहे. पण आपली गोष्ट त्याच्या फार आधीची. त्या वेळी युक्रेन नावाचं राज्यच नकाशावर नव्हतं. मुलुखाचा मोठा भाग रशियाच्या झारच्या टाचेखाली, आणि पश्चिमेचा गॅलिशिया नावाचा तुकडा ऑस्ट्रियाच्या बादशहाकडे. माणसं एक, भाषा एक, मालक दोन.

वेठबिगाराचा पोर

या लोकांत 1814 साली एक पोर जन्माला आला. नाव तारास शेवचेंको. बाप वेठबिगार, पोरही वेठबिगार. म्हणजे जमीनदाराची मालमत्ता. बैल विकावा तसा माणूस विकता यायचा. पोराच्या हातात चित्रं काढायची कला होती. 1838 साली काही चित्रकार-लेखकांनी एका चित्राची सोडत काढली, अडीच हजार रूबल उभे केले आणि मालकाला मोजून या तरुणाची सुटका केली. माणसाची किंमत अडीच हजार रूबल! दोनच वर्षांनी, 1840 साली, त्याच तरुणाने आपल्या आईच्या भाषेत कवितांचं पुस्तक काढलं. जी भाषा शेतात आणि गोठ्यात बोलायची म्हणून मोठे लोक नाक मुरडत होते, तीच भाषा छापील पानावर ताठ उभी राहिली.

झारला हे सोसलं नाही. 1847 साली शेवचेंकोला पकडून साधा शिपाई म्हणून दूर हद्दपार केलं. आणि खुद्द झारने आपल्या हाताने शेरा मारला, की याला लिहू देऊ नका, चित्र काढू देऊ नका. पठ्ठ्याने काय केलं? तळहाताएवढ्या वह्या शिवल्या, कविता लिहिल्या आणि त्या वह्या बुटाच्या गळ्यात लपवल्या. दहा वर्षं हद्दपारी भोगून तो परत आला. 1861 साली, मरणाच्या काही आठवडे आधी, त्याने काय छापलं माहीत आहे? महाकाव्य नव्हे, मुळाक्षरांची चोपडी! रविवारी भरणाऱ्या गोरगरिबांच्या शाळांसाठी. दहा हजार प्रती, किंमत तीन कोपेक. त्याला कळलं होतं, की कविता ऐकून माणूस जागा होतो, पण जागा झालेला माणूस वाचायला शिकला नाही तर पुन्हा झोपी जातो.

बंदी कशावर आली ते पाहा

शेवचेंको गेला त्याच वर्षी रशियात वेठबिगारी उठली. पण माणूस सुटला तशी भाषा बांधली गेली. 1863 साली झारच्या गृहमंत्र्याने गुप्त हुकूम काढला. युक्रेनी अशी वेगळी भाषा नव्हतीच, नाही आणि होणार नाही, असा त्याचा सूर. शाळेची, धर्माची आणि लोकशिक्षणाची पुस्तके त्या भाषेत छापायची नाहीत, असा हुकूम. मग 1876 साली झार जर्मनीत एम्स गावी हवापाण्याला गेला होता. तिथूनच त्याने आणखी कडक फर्मान सोडलं. परदेशात छापलेलं युक्रेनी पुस्तक देशात आणायचं नाही. नवं पुस्तक नाही, भाषांतर नाही, नाटक नाही. गाण्याच्या छापील चोपडीत सुरांखाली शब्दसुद्धा नाहीत!

आता यातली मेख ध्यानात धरा. जुने ऐतिहासिक कागद आणि कथा-कविता यांना थोडी फट ठेवली होती. त्यासुद्धा सेन्सॉरच्या चाळणीतून आणि रशियन वळणाच्या स्पेलिंगात. पण शास्त्राला फट नाही, शाळेला फट नाही. म्हणजे मालकाचं म्हणणं असं, की तुम्ही आपलं रडगाणं खुशाल गा, आम्ही कौतुकाने ऐकू. पण तुमच्या भाषेत गणित मांडू नका, औषध सांगू नका, यंत्र समजावू नका. ज्या भाषेत नुसतं रडता येतं आणि मोजता येत नाही, त्या भाषेचं मालकाला भय नसतं. भय वाटतं ते मोजणाऱ्या भाषेचं!

हे तुम्हाला परकं वाटतं काय? माझ्या डोळ्यांदेखतची गोष्ट आहे. एका गिरणीत, नाव सांगत नाही, नवीन यंत्र बसलं. त्यावर धोक्याच्या सूचनेची पाटी इंग्रजीत. एका बदली पोराचं बोट गेलं. चौकशीत त्यालाच विचारलं, पाटी वाचली नाहीस का? पोराने खाली मान घातली. त्या दिवशी मला उमगलं, की शास्त्र आपल्या भाषेत नसणं हा पंडितांच्या वादाचा विषय नाही. तो हातापायांचा विषय आहे.

सरहद्दीपलीकडे उघडलेलं दार

झारच्या मुलुखात दार बंद झालं, तेव्हा लोकांनी सरहद्दीपलीकडे पाहिलं. गॅलिशियातलं मोठं शहर ल्विव्ह. तिथला बादशहा काही धर्मात्मा नव्हता, आणि तिथला कारभारही पोलिश जमीनदारांच्या हातात होता. पण ऑस्ट्रियाच्या 1867 सालच्या घटनेने भाषांना थोडी जागा दिली होती. त्या जागेत 1873 साली ल्विव्हमध्ये शेवचेंकोच्या नावाने मंडळ निघालं.

पैसा बराचसा कुठून आला? बंदी होती त्याच मुलुखातून! येलिझावेता मिलोरादोविच नावाच्या खानदानी बाईने मोठी देणगी दिली, आणखीही काहींनी हातभार लावला. आणि त्या पैशातून या लोकांनी पहिली वस्तू कोणती घेतली? आलिशान इमारत नाही, संस्थापकाचा पुतळा नाही. छापखाना! पहिला विचार छापखान्याचा. ज्याचा छापखाना त्याचा आवाज. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला मजकूर गेला, की आधी काना जातो, मग मात्रा जाते, आणि शेवटी अर्थ जातो.

सुरुवातीला हे मंडळ साहित्याचं होतं. 1892 साली त्याने नवं रूप घेतलं आणि शेवचेंको विज्ञानमंडळ झालं. त्याच वर्षापासून मंडळाचा संशोधनाचा ग्रंथ निघू लागला. मंडळाचे विभाग तीन: एक इतिहास आणि तत्त्वज्ञानाचा, दुसरा भाषेचा, तिसरा गणित, निसर्गशास्त्र आणि वैद्यकाचा. इतिहास आणि शास्त्र एका छपराखाली. हे मुद्दाम सांगतो. कारण आपल्याकडे पुष्कळांना वाटतं, की इतिहास म्हणजे पोवाडा आणि शास्त्र म्हणजे कॉलेज. त्यांना तसं वाटलं नाही. मागे काय झालं ते कळायला जसा पुरावा लागतो, तसाच यंत्र का फिरतं ते कळायलाही पुरावाच लागतो. दोन्हीकडे दमदाटी चालत नाही.

1894 साली मिखाइलो ह्रुशेव्स्की नावाचा अठ्ठावीस वर्षांचा इतिहासाचा माणूस कीव्हहून ल्विव्हच्या विद्यापीठात आला. 1897 ते 1913 तो मंडळाचा अध्यक्ष होता. त्याच्या काळात मंडळाच्या संशोधनग्रंथाचे शंभरावर खंड निघाले. त्याने स्वतः आपल्या देशाचा इतिहास दहा खंडांत लिहिला, त्याचा पहिला खंड 1898 सालचा. राजांच्या वंशावळीवर न थांबता लोकांचा इतिहास लिहायचा, हा त्याचा बाणा. राज्य नव्हतं तेव्हा या लोकांनी आपल्या राज्याचा पुरावा गोळा करून ठेवला!

लोहाराचा मुलगा

या मंडळातला दुसरा मोठा माणूस आपल्याला अधिक जवळचा आहे. इव्हान फ्रांको. खेड्यातल्या लोहाराचा मुलगा, जन्म 1856. समाजवादी म्हणून 1877 साली तुरुंगात गेला, पुढेही गेला. बोरिस्लाव गावी तेलाच्या खाणी होत्या, तिथल्या मजुरांच्या हालांवर आणि संपावर त्याने कादंबरी लिहिली. विद्वत्ता अशी, की विद्यापीठात शिकवायला लायक ठरला. पण सरकारने जागा दिली नाही. सरकारला लोहाराच्या मुलाची विद्या चालत होती, त्याचं मत चालत नव्हतं.

मग त्याने मंडळात काम केलं. काम कोणतं? शेतकरी आणि मजूर यांच्या तोंडच्या म्हणी गोळा करायच्या. 1901 ते 1910 या वर्षांत त्याने छापलेल्या म्हणींचा आकडा तीस हजारांच्या वर जातो. तीस हजार! तुम्ही म्हणाल, म्हणी जमवून क्रांती होते काय? अरे बाबांनो, म्हण म्हणजे काय? अडाणी ठरवलेल्या माणसाने हजार वर्षं पाहिलेलं, तपासलेलं आणि चार शब्दांत गाठ मारलेलं ज्ञान. पाऊस कधी येतो, सावकार कसा गोड बोलतो, कुठला माल टिकतो, सगळं त्यात आहे. फ्रांकोने ते ज्ञान पंडितांच्या ग्रंथाशेजारी एकाच फळीवर ठेवलं.

मंडळाचा चिटणीस व्होलोदिमिर ह्नात्यूक. त्याला क्षयाने गाठलं, खेडोपाडी हिंडणं कठीण झालं. म्हणून काम थांबलं का? नाही. त्याने गावोगावच्या मास्तरांना, शेतकऱ्यांना आणि विद्यार्थ्यांना पत्रं लिहिली. तुमच्याकडचं गाणं लिहून पाठवा, कथा पाठवा, लग्नाची रीत पाठवा. पत्रं येत गेली, तो नीट लावून छापत गेला. असा एक आजारी माणूस खाटेजवळ बसून सगळ्या देशाचं बोलणं जपत राहिला. त्या काळी गॅलिशियाच्या गावांत दुसऱ्या एका लोकशिक्षण संस्थेच्या वाचनालयांचं जाळं होतं. 1914 पर्यंत त्यांची संख्या तीन हजारांच्या घरात गेली होती. वर मंडळ, खाली वाचनालय. वर बी तयार होत होतं आणि खाली पेरणी चालू होती.

शब्द नाहीत? मग घडवा!

आता शास्त्राचं ऐका. त्या भाषेत शास्त्र लिहायला शब्दच नाहीत, असं मोठे लोक म्हणत. हे वाक्य आपण किती वेळा ऐकलं आहे! मंडळाच्या माणसांनी वाद घातला नाही, शब्द घडवायला बसले. 1894 साली व्होलोदिमिर लेव्हित्स्की याने मंडळाच्या ग्रंथात युक्रेनी भाषेतला पहिला गणिताचा शोधनिबंध छापला. पुढे त्याने पदार्थविज्ञानाचे आणि गणिताचे शब्द ठरवून त्यांच्या याद्या काढल्या. 1897 पासून गणित, निसर्गशास्त्र आणि वैद्यक यांसाठी वेगळा ग्रंथच सुरू झाला. इव्हान होर्बाचेव्स्की हा रसायनशास्त्रज्ञ, 1882 साली त्याने युरिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवून दाखवलं होतं. सगळ्या युरोपात नाव झालं. तरी त्याने आपल्या भाषेतल्या रसायनाच्या शब्दांसाठी मेहनत घेतली. मोठा झाला म्हणून आईची भाषा विसरला नाही.

आणि जगाने काय केलं? हसलं का? नाही. पुढे मॅक्स प्लांक, हिल्बर्ट आणि आइन्स्टाइन यांच्यासारखी जगातली पहिल्या पंक्तीची माणसे या मंडळाची परदेशी सभासद झाली. आपल्या भाषेत शास्त्र आणलं की जगाशी नातं तुटतं, हा कांगावा किती खोटा आहे ते यावरून ओळखा. नातं तुटतं ते नक्कल करणाऱ्याचं.

आणखी एक गोष्ट न सांगता राहवत नाही. 1905 साली झारच्याच राजधानीतल्या, सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीने अहवाल दिला, की युक्रेनी ही स्वतंत्र भाषा आहे आणि तिच्यावरची बंदी उठवली पाहिजे. अहवाल देणारे रशियन विद्वान होते! भाषेचा लढा हा एका भाषेने दुसऱ्या भाषेच्या उरावर बसण्याचा लढा नव्हे. रशियन शेतकऱ्याने युक्रेनी शेतकऱ्याची भाषा बंद केली नव्हती, झारने केली होती. आपल्या खात्यात तेलुगू, हिंदी आणि उर्दू बोलणारे भाऊ खांद्याला खांदा लावून उभे असतात. त्यांच्या भाषेचा मान ठेवून आपल्या भाषेचा हक्क मागायचा, हे आपण विसरता कामा नये.

चार राज्यं, एक मंडळ

पुढचा काळ वाईट आला. 1914 साली महायुद्ध पेटलं, रशियाची फौज ल्विव्हमध्ये घुसली, मंडळाचं काम बंद पडलं, छापखान्याची आणि संग्रहाची नासधूस झाली. युद्ध संपल्यावर शहर पोलंडकडे गेलं. सरकारी मदत आटली, विद्यापीठातले युक्रेनी वर्ग बंद झाले. तेव्हा 1921 ते 1925 या काळात ल्विव्हमध्ये चोरून विद्यापीठ चाललं. मंडळाच्या माणसांचा त्यात हात होता. घराघरात, मिळेल त्या खोलीत तास होत. पोलीस आले की जागा बदलायची. चळवळीची पत्रकं चोरून वाटलेली आपण ऐकली आहेत. इथे लोकांनी गणित आणि कायदा चोरून शिकवला!

आणि आता जे सांगणार आहे ते सांगताना माझ्यासारख्या युनियनवाल्याच्या जिवाला जड जातं. पण सांगायलाच हवं. पूर्वेकडे सोव्हिएत राज्य आलं. कामगार-शेतकऱ्यांचं म्हणवणारं राज्य. 1920 नंतरच्या काही वर्षांत त्याने युक्रेनी भाषेला शाळा दिल्या, पुस्तके दिली, शास्त्राच्या शब्दकोशांचं मोठं काम कीव्हमध्ये उभं राहिलं. मग स्टालिनच्या हुकमाने सगळं उलटं फिरलं. शब्दकोश करणारे पंडित पकडले गेले, शास्त्राचे शब्द बदलून रशियन वळणाचे केले गेले. 1933 साली तर युक्रेनी मुळाक्षरांतलं एक अक्षरच काढून टाकलं. अक्षराला हद्दपारी! ते अक्षर 1990 साली परत आलं. ह्रुशेव्स्कीला 1931 साली पकडलं, 1934 साली तो मेला. आणि 1939 साली सोव्हिएत फौज ल्विव्हमध्ये आल्यावर, 1940 च्या सुरुवातीला मंडळच बरखास्त झालं. ग्रंथालय आणि संग्रह सरकारी अकादमीत गेले.

झेंड्याचा रंग कोणताही असो, लोकांच्या हातून लोकांची विद्या काढून घेणारं राज्य लोकांचं नव्हे. हे आपण लाल झेंड्याखाली उभं राहून म्हटलं पाहिजे. दुसऱ्याने म्हणण्याची वाट पाहायची नाही.

संपलं का मंडळ? छे! दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा हजारो युक्रेनी लोक निर्वासित म्हणून जर्मनीत छावण्यांत पडले होते. खायची भ्रांत. त्यांनीच 1947 साली म्युनिकमध्ये मंडळ पुन्हा उभं केलं. तिथून त्याच्या शाखा अमेरिकेत, कॅनडात आणि ऑस्ट्रेलियात झाल्या. 1951 साली पॅरिसजवळ सार्सेल गावात युरोपचं ठाणं झालं. तिथे व्होलोदिमिर कुबियोविच नावाच्या भूगोलाच्या माणसाच्या संपादनाखाली युक्रेनी ज्ञानकोश निघाला. परदेशी विखुरलेल्या लोकांच्या देणग्यांवर, वर्षामागून वर्षं, खंडामागून खंड. त्याच्या अक्षरवार भागाचा पहिला खंड 1955 चा आणि दहावा 1984 चा. तीस वर्षं! राज्य नाही, खजिना नाही, मायदेशी परत जायची आशा नाही, आणि हे लोक अ पासून सुरुवात करून आपल्या देशाची नदी, गाव, माणूस, दगड, झाड लिहीत बसले.

21 ऑक्टोबर 1989 या दिवशी मंडळ पुन्हा ल्विव्हमध्ये उघडलं. अजून सोव्हिएत राज्य होतं. देश स्वतंत्र झाला तो 1991 साली. म्हणजे आधी मंडळ उभं राहिलं, मागून राज्य आलं. हा क्रम ध्यानात ठेवा. ऑस्ट्रिया गेला, झार गेला, पोलंडची सत्ता गेली, सोव्हिएत राज्य गेलं. मंडळ राहिलं.

2022 पासूनच्या लढाईत तिकडची म्युझियमं, ग्रंथालयं, शाळा आणि देवळं यांच्यावर तोफा पडल्या. नुकसान झालेल्या जागांचा आकडा शेकड्यांत आहे. 23 मे 2024 रोजी खार्किव्ह शहरातल्या एका मोठ्या छापखान्यावर क्षेपणास्त्रं पडली. पुस्तके जळाली आणि छापखान्यातले सात कामगार मेले. पुस्तक बांधता बांधता मेलेले कामगार! विद्या जपण्याचं काम पंडित एकटा करत नाही. टंकजुळणीवाला करतो, शिलाई मारणारी बाई करते, गठ्ठा उचलणारा हमाल करतो. त्यांची नावं ग्रंथाच्या पहिल्या पानावर नसतात, पण त्यांच्यावाचून पहिलं पान होत नाही.

आणि आपण?

आपल्याकडेही असली माणसे झाली. ह्रुशेव्स्कीचा पहिला खंड निघाला त्याच 1898 साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला. हा माणूस गावोगाव हिंडून जुनी दप्तरं मिळवत होता. 1910 साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. शास्त्रासाठी 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद निघाली. ही घरं परकी नाहीत, आपलीच आहेत. पण आपण तिथे पाऊल किती वेळा टाकलं? आणि तिथल्या कपाटांत आपल्या खात्याचा कागद किती?

विचार करा. धोटा, फणी, कांडी, ताणा, बाणा, साचा, बदली, मुकादम. हे आपल्या बापजाद्यांच्या तोंडचे शब्द. सुताचा नंबर नुसत्या बोटाने ओळखणारा म्हातारा तुम्ही पाहिला असेल. तुटलेला धागा डोळे मिटून सांधणारी बाई पाहिली असेल. ते ज्ञान कुठल्या पुस्तकात आहे? म्हातारा गेला की ते ज्ञान सरणावर जातं. मालकाचा ताळेबंद जपायला मालक आहे. आपल्या घामाचा ताळेबंद कोण जपणार? ह्नात्यूकला पत्र पाठवणारा खेड्यातला माणूस आपल्याहून शहाणा नव्हता. त्याने फक्त आळस केला नाही.

म्हणून चार गोष्टी मागतो. प्रत्येक खात्यात एक वही ठेवा. म्हाताऱ्या कामगारांजवळ बसून यंत्रांची, हत्यारांची आणि कसबाची नावं, संपाच्या आठवणी, तारीखवार लिहून काढा. जुन्या पगारपावत्या, युनियनची पत्रकं, फोटो रद्दीत घालू नका, ट्रंकेत जपा आणि पुढे चांगल्या संग्रहाच्या हवाली करा. यंत्रावरची प्रत्येक सूचना मराठीत आणि तिथे काम करणाऱ्या इतर भावांच्याही भाषेत लागली पाहिजे, ही मागणी मागणीपत्रात पगाराच्या शेजारी लिहा. आणि महिन्याच्या चहापानातून चार पैसे काढून खात्याच्या वाचनालयाला एक शास्त्राचं आणि एक इतिहासाचं पुस्तक आणा.

वहीत खरं तेच लिहा. संप हरलो असू तर हरलो असं लिहा. कुणी फितूर झाला असेल तर पुरावा असल्याशिवाय त्याचं नाव घालू नका. खोट्या इतिहासावर उभं राहिलेलं घर पहिल्या पावसात बसतं. शेवचेंकोच्या नावाचं मंडळ टिकलं त्याला छापखाना आणि भाषा जितकी कारण, तितकाच त्यांचा काटेकोरपणा कारण. त्यांनी लिहिलेलं दुश्मनालाही खोडता आलं नाही. त्याला फक्त जप्त करता आलं.

राज्यं येतील, राज्यं जातील. मालक बदलतील, पाट्या बदलतील. जे आपण आपल्या भाषेत लिहून ठेवू, आपल्या पैशाने छापू आणि आपल्या पोरांना वाचायला शिकवू, तेवढंच आपलं. वही विकत घ्या. पेन्सिलीला टोक करा. या पाळीपासून लागा कामाला!